उपाशी शिंपला

मासा उपाशी असला तर तो तसें सांगतो. कांचेजवळ येतो, तोंडाची उघडमीट करतो, हाताच्या सावलीमागें धांवतो. घरांतील लहान मुलालाहि तें कळतें आणि दाण्यांची डबी उघडली जाते. शिंपला असें कांहींच सांगत नाहीं. पोट भरलेलें असतांना तो जसा दिसतो तसाच उपाशी असतांनाहि दिसतो, आणि त्याचा उपवास एकादशीपासून द्वादशीपर्यंतचा नसून महिनेच्या महिने चालणारा असूं शकतो. मग एके दिवशीं सकाळीं दोन्ही पुटें उघडीं पडलेलीं आढळतात, पाण्याला दुर्गंधि येते, आणि घरांत जो तो म्हणूं लागतो, "कालपर्यंत तर चांगला होता!"

खाऱ्या पाण्याच्या कांचपेट्या आतां पुण्या-मुंबईच्या बऱ्याच घरांतून दिसूं लागल्या आहेत, आणि त्यांत रंगीत माशांच्या जोडीला शिंपलेहि येऊं लागले आहेत. त्यांविषयीं जीं पत्रें येतात त्यांत प्रश्न बहुधा एकच असतो कीं, याला खावयास काय घालावें? त्याखालीं विक्रेत्याचें उत्तरहि बहुधा लिहिलेलें असतें: "कांहीं नको. हा पाणी स्वच्छ करतो; पाण्यांतील घाण हेंच याचें अन्न." या उत्तरांतील 'पाणी स्वच्छ करतो' एवढेंच खरें आहे. तो कोणती घाण काढतो आणि कोणती काढूं शकत नाहीं, हें कोणी विचारीत नाहीं, आणि त्या न विचारलेल्या प्रश्नापायीं पुष्कळ शिंपले कांचेआड अन्नावांचून मरतात.

शिंपला घास घेत नाहीं. तो पाणी गाळतो. तिसऱ्या, शिणाणे, कालवें हे सर्व द्विपुट प्राणी थोड्याफार फरकानें याच रीतीनें जगतात. दोन पुटांच्या आंत कल्ल्यांचे पातळ पडदे असतात आणि त्यांवर केसाहून कितीतरी बारीक असे असंख्य तंतु अखंड हालत असतात. त्या हालचालीनें बाहेरचें पाणी आंत ओढलें जातें, कल्ल्यांच्या जाळींतून जातें आणि दुसऱ्या वाटेनें बाहेर पडतें. पाण्यांतील कण जाळीवर अडकून चिकट द्रवांत गुंडाळले जातात व तोंडाकडे सरकतात. तोंडापाशीं ओठांसारख्या पडद्यांच्या दोन जोड्या असतात. त्या निवड करतात. चालण्याजोगें असेल तें आंत, रेती व नको असलेला गाळ बाहेर. हा बाहेर टाकलेला माल लहान लहान गोळ्यांच्या रूपानें पुटाच्या कडेशीं पडतो. तो विष्ठेसारखा दिसतो खरा, पण पोटांत मुळीं गेलेलाच नसतो. पंगतींत पानाखालीं सारलेली भाजी पाहून पाहुणा जेवला असें आपण म्हणत नाहीं. तद्वत् या गोळ्या पाहून शिंपल्याचें पोट भरलें असा तर्क करूं नये.

त्याच्या जठरांत तर याहून नवल आहे. तेथें स्फटिकासारखी पारदर्शक अशी एक कांडी असते. ती ताकांतील रवीप्रमाणें स्वतःभोंवतीं फिरत राहते, अन्न घुसळते आणि फिरतां फिरतां झिजून पाचक रस सोडते. कित्येक जातींत उपवास घडला म्हणजे ही कांडी विरून जाते व पुन्हां अन्न मिळूं लागल्यावर नवी तयार होते. एवढी यंत्रसामग्री ज्याच्या पोटांत आहे तो प्राणी 'कांहीं खात नाहीं' असें म्हणणें धाडसाचें आहे.

स्वाती नक्षत्रांतील पावसाचा थेंब शिंपलींत पडला म्हणजे त्याचा मोती होतो, ही कविकल्पना संस्कृताच्या तासाला आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. मी ती कित्येक वर्षें मुलांना शिकविलीहि आहे. कल्पनेंतील शुक्ति आकाशांतील निर्मळ बिंदूची वाट पाहत असते. खरी शुक्ति मात्र खाडीच्या गढूळ पाण्यावर रात्रंदिवस पोट भरते, आणि गोड्या पाण्याचा मोठा लोट आला तर पुटें गच्च मिटून बसते. यांत कवीकडे दोष जात नाहीं. पंचाईत होते ती आपल्या कांचपेटींत, कारण तेथें आपण कवीच्याच शुक्तीची बडदास्त ठेवलेली असते!

आतां त्या घाणीचा विचार करूं. कांचपेटींतील खरी घाण म्हणजे माशांच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया आणि त्यापासून पुढें होणारे नायट्रेट क्षार. हीं द्रव्यें पाण्यांत विरघळलेलीं असतात. सरबतांतील साखर जशी फडक्यानें गाळून काढतां येत नाहीं, तशीं तीं कल्ल्यांच्या जाळीनें काढतां येत नाहींत. उलट शिंपला स्वतःच्या अमोनियाची त्यांत भरच घालतो. माशाच्या तोंडून सुटलेला दाण्याचा तुकडा त्याच्या दृष्टीनें डोंगराएवढा असतो. त्याचें अन्न म्हणजे पाण्यांत तरंगणाऱ्या एकपेशी वनस्पति, ज्यांना शास्त्रज्ञ वनस्पतिप्लवक म्हणतात. त्यांपैकीं उपयोगी पडणाऱ्या बहुतेक चार ते वीस मायक्रॉन आकाराच्या असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपल्या डोक्याचा केंस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड असतो, त्यावरून कल्पना यावी. किनाऱ्याजवळच्या समुद्राच्या चमचाभर पाण्यांत अशा हजारों पेशी असतात. कांचपेटींत मात्र लोंकरी गाळणी, प्रथिनें फेसाबरोबर उपसून काढणारें स्किमर नांवाचें यंत्र, कोठें कोठें जंतुनाशक किरणांचा दिवा, अशी सर्व योजना नेमकी तेवढेंच नाहींसें करण्याकरितां केलेली असते. जें पाणी पाहून आलेगेले "काय हो नितळ!" म्हणून वाखाणतात, तें शिंपल्यापुढें मांडलेलें रिकामें ताट होय.

हें मुलांना दाखवावयाचें असेल तर एक सोपा प्रयोग आहे. सारख्या आकाराचीं दोन कांचेचीं भांडीं घेऊन त्यांत सूक्ष्म शैवलानें हिरवट झालेलें खारें पाणी सारखें भरावें. एकांत एक जिवंत कालव ठेवावें, दुसरें तसेंच राहूं द्यावें. कांहीं तासांत कालवाच्या भांड्यांतील पाण्यापलीकडे ठेवलेलीं अक्षरें वाचतां येऊं लागतात. मोठें कालव अनुकूल स्थितींत तासाला कित्येक लिटर पाणी गाळतें. चार लिटर धरले तरी दिवसाचे शहाण्णव होतात, म्हणजे शंभर लिटरांची पेटी एकट्या कालवानें जवळजवळ रोज गाळून काढली. दुसऱ्या दिवशीं तेंच पाणी, तितक्याच कष्टानें, पण हातीं कांहीं न लागतां, पुन्हां गाळावयाचें. साठवलेलें पिष्ट संपलें कीं तो अंगच्या मांसावर जगूं लागतो. शिंपला जगला किती दिवस यावरून त्याला अन्न मिळत होतें असा निष्कर्ष काढणें म्हणूनच चूक आहे.

उपासमारीच्या खुणा थोड्या आहेत, पण आहेत. मांसाची कड पुटाच्या कडेपासून आंत सरते. पूर्वीं सावली पडतांच पुटें मिटत तीं आतां रेंगाळून मिटतात. शेवटीं तीं अर्धवट उघडींच राहतात. आपल्या घरांना येथें एक अडचण आहे. शिंपला आपल्या ताटांत कधीं आलेला नसल्यामुळें जिवंत कोणता व मेलेला कोणता हें ओळखण्याची विद्या आपल्या स्वयंपाकघरांत परंपरेनें उतरलेली नाहीं. कोंकणांतल्या कोळणीला ती न शिकवतां येते. उघड्या शिंपल्यावर बोटानें टिचकी मारावी. मिटला तर जिवंत, न मिटला तर टाकून द्यावा. ही परीक्षा आपणहि करावी. ती करण्यास मत्स्याहारी असावें लागत नाहीं.

कोणता शिंपला ठेवावा, याविषयीं माझें मत स्पष्ट आहे. दुकानांत फ्लेम स्कॅलप या नांवाचा एक तांबडा, कडेला झालरीसारखे लांब तंतु असलेला शिंपला मिळतो. त्याच्याच कुळांतील टेनॉइडीस आलेस नांवाच्या एकाच्या कडेवर वीज चमकल्यासारखी पांढरी रेघ खेळत असते. हा प्रकाश त्याच्या अंगचा नसून सिलिकेच्या अतिसूक्ष्म गोलांवरून परावर्तित झालेला असतो, असें २०१४ सालीं दाखविण्यांत आलें. पाहण्यास दोन्ही अपूर्व. परंतु सामान्य कांचपेटींत ते बहुधा कांहीं महिन्यांतच भुकेनें दगावतात. नवशिक्यानें ते घेऊं नयेत. ट्रायडॅक्ना नांवाचा प्रचंड शिंपला निराळा. त्याच्या मांसल पडद्यांत सूक्ष्म शैवल वस्ती करून असतें आणि उन्हाच्या साह्यानें धन्याला अन्न पुरवितें. तरी लहानपणीं त्यालाहि गाळलेल्या अन्नाची मोठी गरज असते. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवरील १९९२ सालच्या अभ्यासांत लहान शिंपले निम्म्याहून अधिक कार्बन गाळण्यांतून मिळवितात आणि मोठे सुमारें एकतृतीयांश, असें आढळलें होतें. अर्थात् ही माहिती परदेशांतील वाचकांपुरती, ज्यांना पैदास-केंद्रांत वाढविलेले ट्रायडॅक्ना मिळूं शकतात. हिंदुस्थानांत या प्राण्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे, तेव्हां कोणी भेट म्हणून देऊं केला तरी घेऊं नये.

राहतां राहिले आपल्या किनाऱ्यावरचे शिणाणे व कालवें. हीं रूपानें साधीं, पण चिवट असतात. शिणाणे दोऱ्यांसारख्या तंतूंनीं दगडाला घट्ट धरून असतात; ते ओढून उपटूं नयेत, तंतु कात्रीनें कापावेत. कालव दगडासकट आणावें. तिसऱ्यांना मात्र पुरून घेण्यास वीतभर नाहीं तरी चांगली चार बोटें बारीक रेती लागते. शंभर लिटरांत एक, फार तर दोन, याहून अधिक संख्या ठेवूं नये. खेंकडे किंवा तारामासे असलेल्या पेटींत तर एकहि नको.

अन्नाचा खरा मार्ग शोधला गेला तो शिंपल्यांच्या पिलांसाठीं. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधील समुद्रांत आइल ऑफ मॅन नांवाचें बेट आहे. तेथें पोर्ट एरिन येथील सागरी केंद्रांत ब्रूस, नाइट आणि मेरी पार्क या तिघांनीं कालवांचीं पिलें सूक्ष्म शैवलावर वाढविलीं व १९४० सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. तेथील एका सोनेरी-तपकिरी शैवलाला पार्कबाईंनीं १९४९ सालीं आयसोक्रायसिस गॅल्बाना असें नांव दिलें. पुढें अमेरिकेंत गिलार्ड आणि रायदर यांनीं १९६२ सालीं असल्या शैवलांसाठीं खताचा एक पाठ दिला; त्याची निम्मी मात्रा एफ-बाय-टू या नांवानें आज जगभर वापरली जाते व बाटलींत तयार मिळते. आयसोक्रायसिसचा ताहिती बेटाकडील एक उष्णता सोसणारा भाऊबंद आहे, त्याला २०१३ पासून टिसोक्रायसिस लुटिआ म्हणतात. आपल्या हवेला तोच सोईचा.

तो घरीं वाढविणें विरजण लावण्यापेक्षां फारसें अवघड नाहीं. दोन लिटरांची पारदर्शक बाटली उकळत्या पाण्यानें धुवावी. समुद्राहून किंचित् कमी खारट असें पाणी तापवून, झांकून, पूर्ण गार करून तींत भरावें, बाटलीवर दिलेल्या प्रमाणांत खत घालावें व शैवलाचें विरजण सोडावें. बारीक नळीनें हळूहळू हवा चालूं ठेवावी आणि दिव्याचा उजेड रोज चौदा-सोळा तास द्यावा; खिडकींतील ऊन नको, बाटली तापते. आठवडा-दहा दिवसांत पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचें होतें. तेव्हां निम्में काढून घ्यावें व उरलेल्यांत नवें खारें पाणी व खत घालावें. बाटल्या दोन ठेवाव्या, कारण एखादे दिवशीं कांहीं दिसेल अशा कारणावांचून एक नासते. पाणी फिकट पडतें, वास येतो, आणि ती ओतूनच द्यावी लागते. ज्या घरांत विरजण कधीं मोडत नाहीं त्या घरच्या गृहिणींना यांतील मर्म पुस्तक वाचणाऱ्यांच्या आधीं कळेल.

जोडीला टेट्रासेल्मिस हें हिरवें, दहा मायक्रॉनच्या आसपासचें शैवल असलें तर उत्तम. एकाच धान्यावर कोणाचेंच चालत नाहीं. बाजारांत नॅनोक्लोरॉप्सिस फार खपतें, परंतु तें दोन ते चार मायक्रॉनांचें आणि कठीण कवचाचें असल्यामुळें एकट्या त्याच्यावर शिंपले पोसूं नयेत. सुकी भुकटी अडीअडचणीपुरती चालेल. दूध, बेसन, अंड्याचा बलक हे घरगुती उपाय मात्र कटाक्षानें टाळावे. त्यांनीं पाणी गढूळ होतें खरें, पण तें अन्नानें नव्हे, कुजण्यानें.

घालण्याची रीत थोडें थोडें आणि वारंवार ही आहे. दिवसांतून चार वेळां जमलें तर फार चांगलें, दोनांहून कमी नको. घालतांना स्किमर व लोंकरी गाळणी तास-दोन तास बंद ठेवावीं, पाणी फिरविणारा पंप चालूंच असावा. पाण्याला रंगाची अगदीं पुसट छटा येईल एवढेंच शैवल घालावें. दोन-तीन तासांत ती छटा गेली तर मात्रा बरोबर. न गेली तर पुढची वेळ वगळावी, कारण शैवलाबरोबर खताचे उरलेले क्षारहि पेटींत पडत असतात.

एकत्र कुटुंबांत या बाबतींत एक सोय आहे आणि एक धोका आहे. सोय अशी कीं, मुलगा परीक्षेंत गुंतला, सूनबाई माहेरीं गेल्या, तरी चार वेळां शैवल घालणारें कोणी ना कोणी घरीं असतेंच. धोका असा कीं, दया प्रत्येकालाच येते. आजोबांनीं सकाळीं घातलेलें काकूंना ठाऊक नसतें, आणि काकूंनीं घातल्यावर धाकटा पुन्हां घालतो. यावर साधा उपाय म्हणजे त्या दिवसाचें सर्व शैवल सकाळीं एका लहान बाटलींत मोजून काढावें व बाटलीवर चार रेघा ओढाव्या. बाटली रिकामी झाली कीं शिंपल्याचें त्या दिवसाचें जेवण झालें. ही बाटली, आणि काढलेल्या शैवलाचा आठवड्याभराचा सांठा, शीतकपाटांत ठेवावा लागतो. लोणी-तुपाच्या शेजारीं समुद्राचें पाणी ठेवण्यास घरांतील वडील स्त्रियांनीं हरकत घेतली तर ती वाजवी समजावी, आणि घट्ट झांकणाचा वेगळा डबा करून त्यावर नांव लिहावें. सांठ्याची बाटली रोज एकदां हलवावी, नाहींतर शैवल तळाशीं बसून मरतें.

पाण्याविषयीं थोडक्यांत. क्षारता हजारीं पस्तीस, म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास. उष्णता २४ ते २७ अंश. पुटें चुन्याचीं असल्यामुळें कॅल्शियम लिटरमागें ४०० ते ४५० मिलिग्रॅम. आटलेल्या पाण्याची भर गोड्या शुद्ध पाण्यानें घालावी, खाऱ्यानें नव्हे, कारण मीठ आटत नाहीं. पावसाळ्यांत खाडीचें पाणी आणून भरूं नये. तें फार गोडसर झालेलें असतें. आणि तांबें! माशांच्या कित्येक औषधांत तें असतें. माशांना तीं तारतात, शिंपल्यांना मारतात. आपल्या घरांत पिण्याचें पाणी तांब्याच्या हंड्यांत भरून ठेवण्याची चाल आहे व ती आपल्याला हितकर म्हणून गौरविली जाते, पण त्या हंड्यांतील पाण्याचा एक तांब्याहि या पेटींत पडूं देऊं नये.

शिंपला मेला तर तो त्याच घटकेला काढावा. लहान पेटींत एका शिणाण्याचें मांस कुजलें तरी अमोनिया इतका वाढतो कीं, रात्रींतून मासेहि जातात. काढल्यावर चौथाई पाणी बदलावें. म्हणून टिचकीची परीक्षा रोज सकाळीं, पहिल्या घासाआधीं. कंटाळा आला म्हणून जिवंत शिंपला परत समुद्रांत सोडणें हेंहि करूं नये. पेटींत परमुलुखांतील मासे व शैवलें असलीं तर त्यांचे रोग व जीव त्याच्याबरोबर आपल्या किनाऱ्यावर जातात.

घेतांना तीन-चार सेंटिमीटर लांबीचा कोंवळा शिणाणा पसंत करावा, कारण त्याची वाढ दिसते. आणला त्या दिवशीं त्याची लांबी मोजून तारखेसह भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहावी, आणि पुढें प्रत्येक महिन्याच्या पहिल्या तारखेला. खाऊनपिऊन असलेल्या शिंपल्याच्या पुटाला बाहेरच्या कडेनें नवी, पातळ, बोटाला धारदार लागणारी पट्टी येते. उपाशी शिंपल्याची कड बोथट राहते, मग पेटींतलें पाणी कितीहि नितळ असो. तीन महिने आंकडा हालला नाहीं तर शैवलाची तिसरी बाटली लावावी. तेवढें घरांत होण्याजोगें नसेल, तर ज्याच्याकडे बाटल्या आहेत त्याला तो शिंपला त्याच आठवड्यांत देऊन टाकावा.